वस्तादांची खाच

"ही तुमच्या हातची का?" साहेबांनी टेबलावरून एक पितळी चावी पुढे सरकवली.

थोरला त्या वेळी पोलीस ठाण्याच्या कपाटाशी उकिडवा बसला होता. चोरीचा माल ज्या कपाटात ठेवायचा, त्याचीच चावी ठाण्यातून चोरीला गेलेली. म्हणून हवालदारानं त्याला भर सकाळी दुकानातून पिशवीसकट उचलून आणलं होतं. थोरल्यानं तार आत सरकवली, दोन टिचक्या मारल्या, कपाट उघडलं. त्याची ख्यातीच तशी होती. तो कुलपाच्या कानाशी लागून काहीबाही बोलतो आणि कुलूप लाजून उघडतं, असं बाजारात सांगत. एकदा त्याला सर्दी झाली होती, तर म्हणे त्याच्या शिंकेसरशी समोरच्या सराफाची तिजोरी उघडली. शिंकेचं खरंखोटं देव जाणे, पण सराफ तेव्हापासून थोरला दिसला की तिजोरीला पाठ लावून उभा राहायचा.

असा माणूस, आणि एका चावीला हात लावायला तयार होईना.

"हातात घ्या की. चावते का काय?" साहेब म्हणाले. "मास्तरीणबाईंच्या दाराला लागलेली सापडली. दार फोडलेलं नाही. चावीनं उघडलं, आत शिरला, म्हातारीला ढकललं. उंबरठ्यावर डोकं आपटलं आणि खलास. ह्या डोक्यावर खाच कसली आहे?"

थोरल्याला खाच ठाऊक होती. दातसुद्धा ठाऊक होते. पाच दात, तिसरा आखूड. बाईंच्या दाराचं कुलूप त्यानंच बसवलं होतं. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "चोर आला तर त्याला तुमचाच पत्ता देते, म्हणजे इथं वेळ घालवणार नाही."

तीन आठवड्यांपूर्वी मेहुण्यानं साबणाची वडी समोर ठेवली. वडीवर चावीचा ठसा होता. थोरल्यानं तो तिसरा आखूड दात ओळखला. ओळखूनही चावी कापली. वर आपण होऊन म्हणाला, "मंगळवारी जा. बाई मंगळवारी लेकीकडे असतात." कुणाला इजा होऊ नये म्हणून त्यानं तेवढी काळजी घेतली होती. त्या मंगळवारी बाईंना पडसं झालं, आणि त्या घरी राहिल्या.

"ही आमच्या वस्तादांची रीत, साहेब," थोरला कसाबसा म्हणाला. "दुसरी चावी केली की तिच्या डोक्यावर खाच पाडायची. उद्या काही इपरीत झालं तर विचारायला यायला पत्ता पाहिजे, असं म्हणायचे."

"म्हणजे तुमचीच?"

"वस्तादांचे आम्ही दोन चेले. मी आणि धाकला. माझी कानस तीनधारी, त्याची गोल, खाचही तशीच पडते. उजेडात बघावं लागेल."

थोरला आणि धाकला ही वस्तादांनी पाडलेली नावं. आता थोरला एकसष्टचा, धाकला अठ्ठावन्नचा आणि वस्ताद भिंतीवरच्या तसबिरीत, तरी नावं तीच चिकटून राहिली होती. वस्तादांनी धाकल्याला नवव्या वर्षी घरात आणला, तो त्यांच्या लेकीच्या हातचं जेवून वाढला. पुढे ती लेक थोरल्याला दिली. त्या दिवशी धाकल्यानं कानस अशी चालवली, की तीन कानशी मोडल्या आणि एक चावी घासून घासून सुईएवढी झाली. लग्न मात्र त्यानं केलं नाही. आणि वस्तादांचा मुलगा, बहिणीचा लाडका बाळ, तोच हा साबणाची वडी आणणारा. शेहेचाळीस वर्षांचा, रेड्यासारख्या मानेचा. पण घरात अजून बाळच.

बाळानं पहिल्यांदा ठसा आणला, तेव्हा म्हणाला होता, घराची चावी हरवली. दुसऱ्यांदा म्हणाला, मित्राची हरवली. तिसऱ्यांदा काही म्हणाला नाही, आणि थोरल्यानंही विचारलं नाही.

थोरला चावी घेऊन खिडकीशी गेला. खाच तीनधारी होती, आरशात तोंड दिसावं तशी स्पष्ट. मागे टेबलावरचा फोन वाजला. साहेब पाठ करून बोलू लागले. हवालदार उघडलेल्या कपाटात डोकं घालून आपला हरवलेला डबा शोधत होता.

थोरल्याचा हात पिशवीत गेला. बारीक गोल कानस हाताला लागली. चाळीस वर्षांत त्यानं इतकं छोटं काम केलं नव्हतं. एकच हात फिरवला. खाचेचा कोपरा गेला.

"गोल आहे," फोन खाली ठेवल्यावर तो म्हणाला.

दुपारी धाकल्याला आणलं. थोरल्याला साक्षीसाठी बसवून ठेवलंच होतं. धाकला आला तो हसतच, हातात अर्धवट घासलेली कुणाची तरी चावी तशीच.

"काय साहेब, तुमचं पण कपाट अडलं होतं म्हणे? मला सांगायचं. हा थोरला फार लाडीगोडी लावत बसतो कुलपाला."

"ही खाच बघ. कुणाची?"

धाकल्यानं चावी घेतली. सवयीनं डोक्यावरून अंगठा फिरवला. मग अंगठा डोळ्यांजवळ नेला. अंगठ्यावर पितळेची ताजी पूड चमकत होती. चावी हाताळून काळवंडलेली. खाच तेवढी नवरीसारखी लखलखीत. त्यानं थोरल्याच्या बोटांकडे पाहिलं. तिथंही तीच चमक.

थोरल्याला वाटलं, आता बोलेल. बोलला तर बरं होईल, असंही त्याला क्षणभर वाटलं.

"वहिनी बऱ्या आहेत ना?" धाकल्यानं विचारलं.

"आहे."

"आणि बाळ?"

थोरल्यानं पिशवीचा बंद आवळला. तेवढ्यावरून धाकल्याला सगळं कळलं. वस्तादांनी शेवटच्या दुखण्यात ह्याच बाळाचा हात दोघांच्या हातात दिला होता.

"गोल खाच माझीच, साहेब," तो म्हणाला.

"कुणाला करून दिलीस?"

"आठवत नाही."

"आठवेल. आमच्याकडे भरपूर वेळ आहे."

धाकल्यानं खिशातून कानशींची गुंडाळी काढली आणि थोरल्याच्या मांडीवर ठेवली. "एवढं जप. तेल देत जा, नाहीतर गंजतात." मग हातातली अर्धवट चावी पुढे केली. "आणि ही कोपऱ्यावरच्या शिंपिणीची. संध्याकाळपर्यंत देतो म्हणालो होतो."

घरी बायको दारातच उभी होती. तिच्या कानावर आलंच होतं.

"नाव सांगितलंत?"

"सांगितलं."

"बाळाचं?"

"नाही."

ती भिंतीला टेकली. "मग?"

"धाकल्याचं."

खिडकीशी कानस कशी फिरवली, तेही त्यानं तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत." आणि मोरीत गेली. तिथला नळ दिवे लागेपर्यंत वाहत होता. भांडी मात्र सकाळीच घासून झाली होती.

पंधरा दिवस गेले. वस्तादांच्या तसबिरीखालच्या फळीवर धाकल्याची गुंडाळी होती. थोरला तिला रोज तेल देई. गिऱ्हाइकं म्हणत, थोरल्याचा हात जड झालाय, आता कुलपाशी बोलत नाही.

सोळाव्या दिवशी बाळ दुकानात आला. कागदात गुंडाळलेली वडी त्यानं फळकुटावर ठेवली.

"दोन दात लांब आहेत भाऊजी, जरा सांभाळून."

"यापुढे चावी नाही म्हणालो होतो ना? बाई मेली, बाळ. तो आत सडतोय."

"मी मुद्दाम ढकललं का? आडवी आली." बाळानं सुस्कारा सोडला. "ताई सांगत होती, ठाण्यात खिडकीशी उभं राहून तुम्ही काय काम केलंत ते. साहेबांना ऐकायला आवडेल. पण जाऊ दे, घरातलं घरात."

"तिनं सांगितलं तुला?"

"मग कुणाला सांगेल? सख्खी बहीण आहे माझी."

थोरल्यानं वडी जवळ ओढली. दात मोजले. कोरी पितळी पट्टी शेगड्याच्या जबड्यात आवळली आणि कानस चालवायला घेतली. दोन्ही लांब दात नीट उतरले. सवयीनं चावी उलटी करून त्यानं तिचं डोकं वर घेतलं. हात तीनधारी कानशीकडे गेला, थांबला, फळीवरच्या गुंडाळीकडे वळला आणि पुन्हा थांबला.

"झाली ना? द्या की," बाळ म्हणाला.

थोरल्यानं चावीचं डोकं फडक्यानं पुसलं. बाजारात ढिगानं मिळते, तसल्या कुठल्याही चावीसारखं ते गुळगुळीत होतं. त्यानं ती तशीच बाळाच्या हातावर ठेवली आणि गुंडाळीला तेल द्यायला उठला.