उंच कॉलर

सकाळची कामं उरकून आई शिलाई मशीनवर बसली आणि लेकीच्या कुर्त्याला कॉलर लावू लागली. शिवणकामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. सध्या ते सगळं कसब एकाच कामी येत होतं, लेकीच्या गळ्यातली गाठ झाकायच्या.

वर्षापूर्वी डॉक्टर म्हणाले होते, "थायरॉइडची गाठ आहे. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण सोनोग्राफी करून, सुईने तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

घरी येताच बाबांनी विषय मिटवला. "दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या की बोभाटा होणार. आधी लग्न ठरू दे."

आईने मान डोलावली. गाठ वाढली की ती कॉलर वाढवायची. सुरुवातीला जीव तुटायचा, पुढे तेही थांबलं.

"आणि हो," दोरा तोडत ती म्हणाली, "पाहुण्यांसमोर पाणी पिऊ नकोस. घोट घेतलास की गाठ वर सरकते."

"बरं," लेक म्हणाली. तिचा आवाज अलीकडे घोगरा झाला होता. दोघींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळी पाहुणे आले. मुलाच्या आईने विचारलं, "आवाज बसलाय का गं?"

"सर्दी झालीय," बाबा घाईने म्हणाले.

"मग घोटभर पाणी घे, बाळा."

लेकीने आईकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, काहीच नव्हतं. कॉलरचं बटण काढून ती सगळ्यांदेखत सावकाश पाणी प्यायली.

"सर्दी नाही, काकू. गाठ आहे. वर्ष झालं."

पाहुण्यांनी काढता पाय घेतला. "नाक कापलंस आमचं!" बाबा ओरडले.

"नाकाचं राहू द्या," आई म्हणाली. "उद्या तिचा गळा दाखवायचाय."

गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, लेक वाचली, पण आवाज पूर्वीसारखा झाला नाही. "इतका उशीर का केलात?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आई नुसती हातातल्या पिशवीकडे बघत राहिली. तिला रडूही आलं नाही.

आता आईने शिवणकामाचं दुकान टाकलंय. कधी एखादी बाई आपल्या लेकीला घेऊन येते आणि हळूच सांगते, "कॉलर जरा उंच ठेवा हं."

आई टेप खाली ठेवते आणि पेला भरून आणते.

"आधी घोटभर पाणी पी बघू, पोरी," ती म्हणते, आणि गळ्यावरची नजर हलवत नाही.