गावाचं नाक

कांद्याची चकती होती ती. मोरीच्या तोंडाशी चिकटलेली, ओली, नखाएवढी, आणि इतकी पातळ की तिच्यातून खालचं शेवाळं दिसत होतं. तो वाकून बघत राहिला. उकडायचा कांदा कुणी एवढा बारीक चिरत नाही... उकडायच्या कांद्याच्या चार फोडी करून भांड्यात ढकलतात, त्याची बायको ढकलते तशा, कुणावरचा तरी राग काढावा तशा. ही चकती मात्र सावकाश कापलेली होती, कापताना पुढचा विचार करत. त्यानं खिशातून वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं, आणि तेवढ्यात वास आला.

लोणी. लोण्यात कांदा.

एकतीस वर्षं त्यानं या गावात टपाल वाटलं होतं. कागदावरून माणसं ओळखायची सवय सगळ्याच पोस्टमनना असते, याला वासावरून ओळखता यायची. एकदा एक पार्सल हातात घेऊन, सील न तोडता, त्यानं सांगितलं होतं की आत लोणी आहे आणि ते खवट झालंय. मोठ्या साहेबांनी पार्सल फोडून पाहिलं, आणि मग दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून बसले. पण निवृत्त झाल्यावर नाकाला कोण विचारतो? मग यंदाच्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या, आणि गावाची प्रार्थना चालवणारे गुरुजी प्रार्थनाघरात म्हणाले की गावाची जीभ लांब झाली म्हणून विहिरींचं पाणी आखूड झालं. पीक घरात येईपर्यंत कुणी तळायचं नाही, परतायचं नाही, गोड करायचं नाही. पोटासाठी खायचं, जिभेसाठी नाही. लक्ष कोण ठेवणार, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. "नाकासमोर चालणारा माणूस आहे," गुरुजी म्हणाले, आणि कुणी हसलं नाही. हसले ते नंतर. तेव्हापासून त्याच्या पाठीमागे त्याला नाकोबा म्हणतात, हे त्याला माहीत होतं. नाक तीक्ष्ण असलं तरी कानही काही वाईट नव्हते.

ज्याचं नाव आठवड्याच्या प्रार्थनेत वाचलं जाईल, त्याच्या घरी महिनाभर कुणी पाऊल ठेवायचं नाही. पाच आठवड्यांत त्यानं सहा नावं दिली होती. कर्तव्य म्हणून दिली. म्हणजे... कर्तव्य होतंच. फक्त लोहाराच्या घराबाबत त्याला चार दिवस खात्री करून घ्यावी लागली. पहिल्या दिवशी वारा उलटा होता, दुसऱ्या दिवशी लसूण आहे हे कळलं पण तो तेलात की तुपात ते कळलं नाही, तिसऱ्या दिवशी कळलं, आणि चौथ्या दिवशी — चौथ्या दिवशी तो का गेला होता? नाव दिल्यावर लोहाराच्या कोपऱ्यावर नुसता राखेचा वास उरला, आणि ओळखीच्या घराला कुलूप दिसावं तसं त्याला वाटलं. रोज पहाटे बायकोच्या आधी जाग यायला लागली होती. नोकरीत असताना कधी आली नव्हती.

"विहिरीवर बायका माझ्याशी बोलत नाहीत," बायको आज सकाळीच म्हणाली होती. "मी गेले की दोर खाली ठेवतात आणि आभाळाकडे बघतात. तुम्ही नाकानं कांदे सोलता, आणि डोळ्यांना पाणी माझ्या."

त्यानं ताट पुढे ओढलं होतं. समोर उकडलेला कांदा होता.

आता वास नीट पकडून तो चालला, आणि दार आलं ते सुईणआजीचं. तो थबकला. निम्मं गाव या म्हातारीच्या हातांवर जगात आलं होतं, तोही. आठ दिवसांपासून ती अंथरुणावर होती, हे सगळ्यांना माहीत होतं. दार उघडंच होतं. चुलीपाशी तिची सून बसली होती, हातात उलथनं. तिनं मान वर केली, आधी वही पाहिली, मग त्याला.

"लिहा भाऊजी," ती म्हणाली. "लपवायला मला वेळ नाही. पण आत या, दारात उभं राहून वास बाहेर घालवू नका."

तो आत आला. आजन्म दारातूनच टपाल दिलेल्या माणसाला आत शिरल्यावर हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

"पाणीसुद्धा चमच्यानं घालावं लागतं," सून हळू आवाजात म्हणाली. "गिळतच नाहीत. काल म्हणाल्या, खायला नको, नुसता वास दे. हे मी नंतर गायीच्या पाटीत टाकणार आहे. आमच्यापैकी कुणी घास घेतला असेल तर सांगा."

नियमात वासाबद्दल काहीच नव्हतं. त्यानं मनातल्या मनात नियम दोनदा म्हणून पाहिला. तळणं, परतणं, गोड... परतणं होतं. कांदा परतला जात होता, तो डोळ्यांना दिसत होता. पण पाप परतण्यात की खाण्यात? आणि वासात असेल तर? वासात असेल तर मग या गावात पाच आठवडे सगळ्यात जास्त कुणी — मी. सहा घरचं मी जेवलोय. लोहाराकडे तर चार दिवस.

"कोण आहे गं?" आतून आवाज आला.

"पोस्टमन भाऊजी."

"पायाळू ना तो? पाय आधी आले होते याचे. रात्रभर खपले मी. नाक सगळ्यात शेवटी." म्हातारी थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिली. "इकडे ये रे. मला वास आता अर्धाच येतो. काय म्हणतोय कांदा?"

तो उशाशी बसला. असं त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. गुन्हा आहे की नाही, एवढंच विचारत.

"अजून पांढराच आहे," तो म्हणाला. "कडा सुटल्यात. लोणी आधी जास्त तापलं होतं, आता शांत झालंय... थांबा. आता गोडसर व्हायला लागला."

"लाल?"

"नाही. गुलाबी."

"घाई करू नको गं," म्हातारी सुनेला म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. तो सांगत राहिला. कडा तपकिरी झाल्या ते सांगितलं, तळाला एक चकती करपली ते सांगितलं. करपलेलंही तिला हवं होतं. मधेच त्याच्या लक्षात आलं की सून डोळ्यांना पदर लावून बसली आहे, आणि धूर तर नव्हता. निघताना तिनं विचारलं नाही की नाव देणार का. पण दारापर्यंत आली. नाव गेलं तर महिनाभर इथे कोणी येणार नाही. आणि आजीकडे काही महिना उरला नव्हता. खांदा द्यायला चार माणसं लागतात.

दुपारभर तो वही मांडीवर घेऊन बसला. पान कोरं होतं. संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला, तो गुरुजींच्या खोलीत गेला. भिंती पांढऱ्या, चटई एक, कोनाड्यात झाकलेली उकडलेली भाजी. गुरुजी हल्ली फार वाळले होते. नियम त्यांनी स्वतः सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून कडक धरला होता.

"आज काय?" गुरुजींनी विचारलं.

नेहमी तो आधी घर सांगायचा. आज जीभ वळेना. खोटं बोलणं त्याला जमणारं नव्हतं, म्हणून तो खरं जिथून सुरू होत होतं तिथून सांगू लागला.

"कांदा होता. लोण्यात."

"बारीक चिरलेला?"

"फार बारीक. चकत्या."

गुरुजींनी डोळे मिटले. प्रार्थनेत मिटतात तसे मिटले असं त्याला आधी वाटलं.

"लाल झाला होता?"

"गुलाबी, मग तपकिरी. एक चकती करपली."

"मीठ... मीठ कधी पडलं?"

"शेवटी."

"शेवटीच घालावं," गुरुजी पुटपुटले. "आधी घातलं की पाणी सुटतं. आमची आई..." आणि ते थांबले. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. तो घराचं नाव विचारलं जायची वाट पाहत उभा राहिला. पेन्सिल हातात होती. बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं, तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तरी प्रश्न आला नाही.

"उद्या या," गुरुजी डोळे न उघडता म्हणाले. "अगदी सविस्तर सांगत चला. हयगय नको."

तो बाहेर आला, आणि पायऱ्यांवरच उभा राहिला. पाच आठवडे रोज इथून उतरताना तो मागे वळून बघायचा नाही. गुरुजींचा धाकच तसा होता. आज त्यानं वळून पाहिलं, आणि छातीत काहीतरी भलतंच हललं. उपाशी माणूस दारात बसलेला दिसल्यावर हलतं तसं. मी यांना सहा घरचं वाढलं, हे यांना माहीत असेल का? असेल. नसेल... आणि उद्या सविस्तर काय सांगायचं, कुणाच्या चुलीचं? ज्याला भ्यावं त्याचं ऐकता येतं, ते सोपं असतं, आयुष्यभर तो ते करत आला होता. पण ज्याची कीव येते त्याचं काय करायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं तर गावात असल्या गोष्टी विचारायला एक गुरुजीच होते.