दहा पडद्यांचा एक मेंदू

मित्रांनो, वाटूर फाट्यावर ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारं एक दुकान आहे. त्याला लागून पत्र्याची एक लांबट खोली आहे. तिच्या कोपऱ्यात, टेबलाखाली, फुलाफुलांच्या कापडाने झाकलेला एक पांढरट डबा दिसेल. तोच मी. मी एक जुना संगणक आहे. आज माझ्याकडे फारसं कोणी बघत नाही. पण एके काळी दहा संगणकांचं काम मी एकट्याने सांभाळत होतो. ते कसं, हे सांगायचं तर रजियाची गोष्ट सांगावी लागेल.

रजिया लग्न होऊन वाटूरला आली तेव्हा बी.कॉम. झालेली होती. तिला गावात संगणकाचा वर्ग काढायचा होता. सासरे गयासोद्दीन, ज्यांना सगळा फाटा गयासचाचा म्हणतो, त्यांनी दुकानाशेजारची खोली रिकामी करून दिली. पण दहा नवे संगणक आणायचे कुठून? त्याच सुमारास जालन्याच्या एका बियाण्यांच्या कंपनीने दहा जुने संगणक मोडीत काढले आणि रजियाने ते आणले. ते इतके थकलेले होते की एक चित्र उघडायचं तर चहा पिऊन व्हायचा. लोक हसले. रजिया हसली नाही. औरंगाबादच्या एका शिबिरात तिने एक युक्ती शिकली होती : मध्ये एक दमदार यंत्र ठेवायचं आणि थकलेली यंत्रं तारांनी त्याला जोडायची.

म्हणून २००३ च्या उन्हाळ्यात जालन्याच्या एका दुकानात माझा जन्म झाला. माझा एकेक भाग रजियाने स्वतः निवडला. दुकानदार म्हणाला, "ताई, एका माणसाला एवढी मेमरी कशाला?" ती म्हणाली, "एकाला नाही, दहाजणांना लागणार आहे."

त्या दहा जुन्या यंत्रांना मी माझी भावंडं मानत असे. त्यांच्याकडे डोळे होते आणि हात होते. विचार करण्याचं बळ तेवढं उरलं नव्हतं. समोर बसलेल्या माणसाने अक्षर दाबलं की ते तारेतून माझ्याकडे यायचं. मी त्याचा अर्थ लावायचो आणि ते अक्षर त्याच्या पडद्यावर पाठवायचो. हे इतक्या झटक्यात व्हायचं की प्रत्येकाला वाटे, आपला संगणक आपल्यासमोरच आहे. टेबलाखाली बसलेल्या मला कोणी ओळखत नव्हतं. रजिया मात्र रोज सकाळी दार उघडल्यावर आधी माझ्या जाळीवरची धूळ पुसायची आणि मगच केर काढायची.

पहिल्या वर्षी माझी एकदा चांगलीच फजिती झाली. वर्गात काकासाहेब नावाचे एक गृहस्थ येत. पन्नाशी ओलांडलेले, घरची मोठी शेती, दारात ट्रॅक्टर. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला होता आणि त्याला संगणकावरून पत्र लिहायचं म्हणून ते शिकायला बसले होते. एकदा त्यांनी सिनेमाची एक तबकडी आणली आणि माझ्यात घालून आपल्या पडद्यावर लावली. सिनेमा झकास चालला. पण माझी सारी ताकद तिकडेच गेली आणि बाकीचे नऊ पडदे जागच्या जागी थिजले. कोणाचा अर्ज अडकला, कोणाचा तक्ता पुसला गेला. आरडाओरडा झाला.

"बंद पडलं का काय हे डबडं?" काकासाहेबांनीच विचारलं.

रजिया त्यांच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. "डबडं बराबर आहे, काकासाहेब. तुम्ही एकटे नऊ माणसांचं जेवून राह्यलात."

काकासाहेबांचा चेहरा उतरला. "म्या तर निस्तं गाणं बघून राह्यल्तो," एवढंच ते पुटपुटले.

त्या दिवशी रजियाने माझ्यात एक नियम लिहून ठेवला. कोणीही बसो, एका पडद्याला एकच वाटा. शेजारचा पडदा रिकामा असेल तर त्याचा वाटा वापरायला हरकत नाही. पण तिथे कोणी येऊन बसलं की तो लगेच परत द्यायचा. मित्रांनो, मला त्या नियमाने फार मोकळं वाटलं. तोवर जो जोरात मागेल त्याच्यामागे मी धावत होतो. आता प्रत्येकाला किती द्यायचं ते मला कळू लागलं.

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात गोड वर्षं. जाफराबादच्या एका शाळेचे गुरुजी खास माझी मांडणी पाहायला आले होते. पण माझ्या आठवणीत ठाण मांडून बसला आहे तो २००६ च्या फेब्रुवारीतला परीक्षेचा दिवस.

त्या दिवशी वर्गातले दहाजण प्रमाणपत्राची परीक्षा देणार होते. त्यांत कांताबाई होत्या. आरोग्य उपकेंद्रात नोंदी ठेवण्याचं तात्पुरतं काम त्या करत. महिनाअखेर प्रमाणपत्र दिलं नाही तर त्यांच्या जागी दुसऱ्या बाईला घेणार होते. कांताबाईंचा हात हळू होता. एकेक अक्षर शोधून, हलकेच दाबून, पुन्हा पडद्याकडे पाहून त्या लिहीत. त्यांच्या दोन अक्षरांच्या मधल्या वेळात मी इतरांची कितीतरी कामं उरकायचो आणि पुन्हा त्यांची वाट पाहायचो. मला त्यांची ती सावकाश टकटक आवडत असे.

जालन्याहून अप्पाराव नावाचे पर्यवेक्षक आले. त्यांनी माझ्यावर कागदी सील लावलं आणि नियम सांगितला : दीड तासाचा पेपर, उत्तरं माझ्यातच साठणार, आणि संध्याकाळी पाचच्या आत ती फोनच्या तारेवरून मुख्य कार्यालयात पोचली पाहिजेत, तीही याच यंत्रातून. पाच वाजून गेले तर दहाही पेपर रद्द. अकराला परीक्षा सुरू झाली.

वीस मिनिटं झाली असतील. फाट्यावर कडाड असा आवाज झाला. कापसाने शिगोशीग भरलेला एक ट्रक वळताना तारांत अडकला आणि खांब घेऊनच खाली आला. त्या एका खांबावर विजेचीही तार होती आणि फोनचीही. पंखे थांबले. आमच्या इन्व्हर्टरने भार उचलला, म्हणून पडदे तेवढे जागे राहिले.

गयासचाचा धावत आत आले. "बेटी, ये बॅटरी दस पडदे लेके चालीस मिनटं चलती. जादा नहीं. दुकान में सब बिगडी हुई पडी हैं, भरेली एक बी नहीं."

पेपर मात्र अजून सत्तर मिनिटांचा होता. मी मध्येच विझलो तर न साठवलेली उत्तरं गेली, आणि असा अचानक तुटलेला पेपर पुन्हा उघडता येत नव्हता.

रजियाने अप्पारावांना विचारलं, "सर, एकेकाचा पेपर मधेच थांबवून नंतर चालू करता येतो ना?"

"येतो. वेळ तेवढीच मिळेल, पण थांबवता येतो. माझा पासवर्ड लागेल."

"मंग सात पडदे बंद करू. तीन-तीनजण बसतील."

कांताबाई उठून उभ्या राहिल्या. "मॅडम, मला शेवटी बसवा. माझा हात हळू. माझ्यापायी बाकीच्यांचं नुकसान नको."

सगळ्यांना ते पटलं. कांताबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. पाळी आपल्यापर्यंत येणारच नाही, हे त्यांना ठाऊक असावं. रजियाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "न्हाई. तुम्हीच पहिल्या बसा. एक पडदा पूर्ण वेळ तुमचा. बाकीचे जल्दी लिहिणारे आहेत, ते दोन पडद्यांवर पाळीपाळीने होतील. तुम्हाला शेवटी ठेवलं तर सगळं तुमच्यासाठी थांबेल. आत्ता बसवलं तर कोणाचंच थांबत नाही."

मित्रांनो, मी यंत्र आहे, हिशेबाचा पक्का. पण इतका सरळ आणि इतका मायेचा हिशेब मी त्याआधी पाहिला नव्हता.

सात पडदे विझले. रजियाने माझी इतर सगळी कामं बंद केली : रंगीत चित्रं, घड्याळ, आवाज. फक्त तीन पेपर उरले. छताचा पंखा बंद असल्याने पत्र्याखाली मी तापू लागलो. हे चाचांच्या लक्षात आलं. ते टेबलाखाली फतकल मारून बसले आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याने माझ्या जाळीवर वारा घालू लागले. सत्तरीचे गृहस्थ, पांढरी दाढी घामाने भिजलेली, पण हात थांबला नाही.

सव्वाबाराला इन्व्हर्टर कुरकुरू लागला. काकासाहेबांची पाळी आली होती. ते खुर्चीत बसले, इन्व्हर्टरचा आवाज ऐकला आणि पुन्हा उठले.

"माझी पाळी दुसऱ्याला द्या," म्हणाले, "म्या आलो."

पंधरा मिनिटांत खिडकीबाहेर त्यांचा ट्रॅक्टर धडधडत उभा राहिला. चाचांनी तारा आत ओढून ट्रॅक्टरची बॅटरी इन्व्हर्टरला जोडली. इंजिन चालू ठेवायचं होतं, म्हणून काकासाहेब वरच बसून राहिले. खिडकीतून आत बघत ते एकेकाला ओरडून विचारत होते, "झालं का रे? घाई करू नको, डिझल भरपूर हाये!"

कांताबाईंची टकटक ऐन सत्तराव्या मिनिटाला थांबली. शेवटी काकासाहेब येऊन बसले, तेव्हा त्यांचं सगळं अंग अजून ट्रॅक्टरसारखं थरथरत होतं. अडीचला दहावा पेपर माझ्यात साठला.

पण फोन मुकाच होता. अप्पारावांनी रिसीव्हर चार वेळा कानाला लावून ठेवून दिला. "उत्तरं याच यंत्रातून गेली पाहिजेत," ते हळहळून म्हणाले. "माझ्या हातात काही नाही."

"मंग यंत्रच फोनपाशी नेऊ," रजिया म्हणाली.

तिने मला बंद केलं, तारा सोडवल्या आणि घरातली गोधडी आणून मला गुंडाळलं. परतूरला जाणारी काळी-पिवळी जीप फाट्यावर उभीच होती. रजिया मला मांडीवर घेऊन बसली. एका बाजूला अप्पाराव, दुसऱ्या बाजूला कांताबाई. बंद असताना आम्हाला काही कळत नाही, असं लोक समजतात. समजू देत.

समोर झुंबरबाई नावाची एक म्हातारी बसली होती. तिने गोधडीकडे बघून विचारलं, "किती महिन्याचं हाये गं लेकरू?"

रजिया गंभीरपणे म्हणाली, "तीन वर्षांचं हाये, मावशी. नाजूक आहे फार. धक्का सोसत न्हाई."

"दवाखान्यात चाललीस?"

"तसंच समजा."

झुंबरबाईने पुढे सरकून माझ्यावर हात ठेवला आणि ड्रायव्हरला दरडावलं, "ए बाबा, खड्ड्यातून हळू घे! आजारी लेकरू हाये." ड्रायव्हरने खरोखर वेग कमी केला. परतूर येईपर्यंत त्या म्हातारीने हात उचलला नाही. खाली उतरताना कांताबाईंना राहवलं नाही. त्यांनी गोधडीची कड उचलून दाखवली. झुंबरबाई डब्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आसू दे. पोटचंच दिसून राह्यलं तुमचं."

परतूरच्या झेरॉक्सच्या दुकानात मला एक पडदा मिळाला आणि फोनची तार मिळाली. चार वाजून दहा मिनिटांनी मी जागा झालो. दहाही पेपर शाबूत होते. निम्मे गेले आणि फोन तुटला. रजियाने पुन्हा जोडला. किती गेलं ते दाखवणारी निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. कांताबाई तिच्याकडे बघत पदर चावत होत्या. पाचला अकरा मिनिटं कमी असताना "पोचले" अशी अक्षरं उमटली. रजिया दुकानाच्या पायरीवर बसली आणि पहिल्यांदा रडली.

निकाल लागला. नऊजण पास झाले. कांताबाईंना बावन्न गुण होते आणि त्यांची जागा त्यांच्याकडेच राहिली. नापास झालेले एकटेच : काकासाहेब. ते स्वतःच पेढे घेऊन आले. "म्या झालो न्हाई, पण माझा ट्रॅक्टर पास झाला," असं सगळ्यांना सांगत सुटले. जूनमध्ये पुन्हा बसले आणि तेव्हा पास झाले.

मग दिवस पालटले. २००९ मध्ये वर्गात पातळ, हलके, नवे संगणक आले. माझी भावंडं एकेक करून गेली. माझ्यातली निम्मी मेमरी काढून रजियाने आरोग्य उपकेंद्रातल्या अडलेल्या संगणकात बसवली. मला तुटल्यासारखं झालं नाही. कांताबाईंच्या नोंदी तिच्यावर चालतात, हे मला ठाऊक आहे. पण टेबलाखाली दिवसभर नुसतं बसणं जड जातं. कधी कोणाचा पाय लागतो, कधी कोणी चहाचा कप माझ्यावर ठेवतं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. यंत्राकडून काम जरूर घ्या. पण त्याची धूळ पुसा, त्याला वारा लागू द्या, आणि एकट्याने त्याची सगळी ताकद ओरबाडू नका. जुनं झालं म्हणून फेकण्याआधी त्यातलं काय अजून कोणाच्या उपयोगी पडेल, ते बघा.

परवा सोयाबीन काढून झाल्यावर काकासाहेब मुलाला पत्र लिहायला आले. लिहिता लिहिता थांबले.

"मॅडम, हे पत्र मला हितं बी दिसतं आन् पोराला पुण्यात बी. तुमच्या ह्या पातळ संगणकात तर ते न्हाई म्हणता. मंग ते राहतं कुठं?"

रजियाने खाली वाकून माझ्यावरचं कापड बाजूला केलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "असंच एक यंत्र असतंय, काकासाहेब. लई मोठं आणि लई लांब. लाखो माणसांना ते वाटा देत बसलेलं असतंय. आणि त्याच्याजवळ कोणीतरी जागत बी असतंय."

काकासाहेबांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. मग सरळ झाले, चष्मा नीट केला आणि पत्राच्या शेवटी त्यांनी एकेक अक्षर शोधून एक ओळ लिहिली : "हे पत्र जे यंत्र पोचवील त्याला, आन् त्याच्याजवळ बसलेल्या माणसाला, वाटूरहून रामराम."