धाकटी घंटा

वाल्देलारा गावात आता माणसं उरली सात, आणि त्यातला बिनलग्नाचा पुरुष एकच, फेर्मिन. वय सत्तेचाळीस. परदेशी पाहुण्यांना सायकलवरून सोरियाच्या डोंगरातली गावं, जुनी चर्चं आणि मेंढपाळांच्या वाटा दाखवणं हा त्याचा धंदा. इतक्या देशांच्या बायका ह्याच्या मागून सायकल हाणत गेल्या, पण एकही गावात राहिली नाही, असं त्याची आई सातूरिया चारचौघांत सांगायची. वर त्यालाच सल्ला द्यायची, की चढावर एवढा जोर कशाला लावतोस, माणसाने कधी जरा मागेही रेंगाळावं.

सातूरियाचं वय अठ्ठ्याहत्तर. पाद्री महिन्यातून एकदा येतो, पण माणसं काय पाद्र्याची वेळ बघून मरत नाहीत. म्हणून नवरा गेल्यापासून चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा तीच वाजवते. घंटा दोन, थोरली आणि धाकटी. लग्न झालेलं कुणी गेलं की थोरली वाजते, बिनलग्नाचं गेलं की धाकटी. पुरुष असेल तर तीन-तीन ठोके, बाई असेल तर दोन-दोन. पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढपाळालाही टोपी कुणासाठी काढायची ते बसल्या जागी समजतं.

वसंतात डॉक्टरांनी तिला मनोरा चढायची बंदी केली होती. त्रेचाळीस पायऱ्या, आणि तिचं हृदय आधीच थकलेलं. ती म्हणाली होती, बरं, कुणी मेलं तरच चढेन. मग फेर्मिनकडे बघून म्हणाली, "आणि तू लग्न उरकून टाक बाबा. धाकटीला तडा गेलाय, तिचा आवाज मला ऐकवत नाही."

त्या ऑक्टोबरात फेर्मिनबरोबर चौघं होती. लिस्बनच्या तीन बहिणी, तिघी निवृत्त शिक्षिका, आणि हॉलंडचा योस्त. योस्त पस्तिशीचा, उंच, घाईचा माणूस. त्याच्या देशात डोंगर नाहीत, म्हणून इथले सगळे त्याला एकाच आठवड्यात संपवायचे होते. रोज सकाळी टोमॅटो चोळलेला पाव खाता खाता तो बायकोला फोन करायचा, आणि मग दोन मुलींचा फोटो सगळ्यांना नव्याने दाखवायचा. तिन्ही बहिणी तो रोज नव्याने बघायच्या.

खिंडीत वारा सुटला तेव्हा योस्तच्या अंगात नुसता पातळ सदरा. दात वाजायला लागले. फेर्मिनने आपलं पिवळं जाकीट काढून त्याला दिलं. उजव्या बाहीला सातूरियाने काळ्या कापडाचं मोठं ठिगळ लावलं होतं. पिवळा दोरा नव्हता, मग काळा तर काळा, आणि काळाच लावायचा तर ठिगळही काळंच. ह्या भागात ते जाकीट फेर्मिनपेक्षा जास्त ओळखीचं होतं.

खिंडीखाली वाट फुटते. मेंढपाळांची वाट खडीची, पण जवळची. डांबरी रस्ता दरीतून वळसे घेत जातो. योस्तच्या सायकलची चाकं अगदी बारीक, खडीवर टिकली नसती. तो म्हणाला, मी रस्त्याने जातो, तुमच्या आईच्या हातचं सूप आधी मला. फेर्मिन हसला आणि बहिणींना घेऊन खडीच्या वाटेला लागला. दहा मिनिटांत थोरल्या बहिणीचं, ओदेतचं, चाक पंक्चर झालं. ते काढून ठिगळ लावेपर्यंत पाऊण तास गेला. फोन काढायला त्याने खिशात हात घातला, तेव्हा लक्षात आलं की तो जाकिटात राहिला.

चाक बसवत असतानाच घंटा वाजली.

आवाज चिरका होता. धाकटी. फेर्मिनने पाना खाली ठेवला. बिनलग्नाची म्हणजे गावातली म्हातारी पेत्रा, त्याच्या मनात आलं. बिचारीचा दमा. एक ठोका. दुसरा. तो क्रॉसची खूण करायला लागला, आणि तिसरा ठोका पडला.

त्याला वाटलं, आई चुकली. पण पुन्हा तीन पडले. पुन्हा तीन. चाळीस वर्षांत सातूरिया कधी चुकली नव्हती. बिनलग्नाचा पुरुष. वाल्देलारात तो एकच होता, आणि तो इथे ग्रीसने माखलेले हात घेऊन खडीत बसला होता. त्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. त्याने खरोखरच छातीवर हात ठेवून पाहिला. सदऱ्यावर काळी पाची बोटं उठली.

"काय झालं?" ओदेतने विचारलं.

"मी मेलोय," तो म्हणाला. बोलल्यावर त्याला योस्तच्या अंगातलं जाकीट आठवलं.

मग त्याने काय केलं ते त्याला नीट आठवत नाही. बहिणी मागे राहिल्या, खडी चाकांखालून उडत राहिली, तीन-तीन ठोके पडत राहिले. डोक्यात एकच गोष्ट होती. आई त्रेचाळीस पायऱ्या चढून वर उभी आहे, मुलगा मेला असं समजून दोर ओढते आहे, आणि तिचं हृदय कुठल्या ठोक्याला थांबेल ह्याचा नेम नाही. घंटा वाजते आहे तोवर ती जिवंत आहे. तो प्रत्येक तिसऱ्या ठोक्यानंतर श्वास रोखायचा आणि पुढचा पहिला ऐकू आला की सोडायचा.

चौकात पाववाल्या बासिलियोची गाडी उभी होती, दारं सताड उघडी. आठवड्यातून तीनदा हॉर्न वाजवत येणारा बासिलियो पायरीवर डोकं धरून बसला होता. फेर्मिनला बघताच तो उभा राहिला आणि पुन्हा मटकन खाली बसला.

"मी बघितलं रे तुला," तो म्हणाला. "दरीतल्या वळणावर. ट्रकखाली. चेहरा झाकला होता, पण बाही बाहेर होती. ठिगळ दिसलं. मीच येऊन सांगितलं तिला. तिने तुला फोन लावला, तर पोलिसाने उचलला. ही म्हणाली, मी त्याची आई. तो काहीच बोलला नाही."

फेर्मिन पायऱ्या चढला. वर सातूरिया दोराला लोंबकळल्यासारखी उभी होती, डोळे मिटलेले, ओठ मोजत होते. त्याने हाक मारली. तिने डोळे उघडले नाहीत. आधी तिसरा ठोका पुरा केला आणि मग उघडले.

ती ओरडली नाही, रडली नाही. जवळ येऊन तिने त्याच्या तोंडात एक सणसणीत ठेवून दिली. मग तेच गाल दोन्ही हातांत धरले, कान चाचपले, छातीवरचा ग्रीसचा पंजा चाचपला. मग ती खालीच बसली. फेर्मिनचा जीव भांड्यात पडला. आई होती, तो होता. आणि लगेच त्याला स्वतःची अशी लाज वाटली की तो भिंतीकडे वळला.

मग तिने विचारलं, "जाकिटात कोण होतं?"

"योस्त. हॉलंडचा. थंडी वाजत होती त्याला. मीच दिलं, आई."

"त्याचं लग्न झालं होतं?"

त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. मग पाव खाता खाता दाखवलेला फोटो डोळ्यांपुढे आला. त्याने मान डोलावली, दोन बोटं वर केली आणि म्हणाला, "मुली."

"दोन मुली," सातूरिया म्हणाली. "म्हणजे मी चुकीची वाजवली."

ती भिंतीला धरून उठली. फेर्मिनने तिला अडवलं. म्हणाला, डॉक्टरांनी काय सांगितलंय, आता खाली चल, मला बहिणींना आणायचंय, पोलिसांकडे जायचंय.

"जाशील," ती म्हणाली. "त्याच्या बायकोला कळायला अजून वेळ आहे. आत्ता ती मुलींना शाळेतून आणत असेल. पण इथे तो तुझ्या नावाने पडून आहे. डोंगरापर्यंत सगळ्यांनी तुझ्यासाठी टोप्या काढल्या. त्याच्यासाठी कुणी काढली?"

थोरलीचा दोर जाड, एकटीला ओढवणारा नव्हता. शेजारच्या दामासोची बायको गेली तेव्हा ओढायला दोघी लागल्या होत्या. सातूरियाने तो खालून धरला आणि दोरावर वरची जागा मुलाच्या हातांसाठी सोडली. आनंद होतोय तो होऊ दे, ती म्हणाली, तो देवाने दिलाय. पण दोर ओढताना त्या गेलेल्या माणसाचं नाव घे. नाव तिला म्हणता येत नव्हतं. फेर्मिनने दोनदा सांगितलं, तिने दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा ते जमलं.

"मोज," ती म्हणाली.

खाली बासिलियोने थोरलीचा पहिला ठोका ऐकला आणि टोपी काढली.