दवात काढलेली शेंग

रंभाने ताटात बिरडं तसंच टाकलं आणि गिरजाबाईचं टाळकं सणकलं. रोह्याजवळच्या त्या गावात गिरजाबाईच्या वालाच्या बिरड्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. आणि ही धाकटी जाऊ दोन घासांत म्हणते, पोट भरलं!

"भरलं कशानं गो? वाऱ्यानं?"

रंभाच्या हातांच्या काटक्या झाल्या होत्या, पोट मात्र फुगत चाललेलं. नव्या वालाने वात धरला, नाभी सरकली, असं गिरजाबाईने ठरवून टाकलं. ओवा चारला, हिंग लावला, पोट चोळायला वाडीवरच्या कमळीला बोलावलं. कमळी एरंडेलाची वाटी घेऊन आली, तर रंभा पोटाला मिठी मारून बसली.

"कापून टाका वयनी, पन चोळू देनार नाय!"

चारचौघांत अपमान. आठ दिवस गिरजाबाई तिच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी रंभाच्या परकराची नाडी पुरेना, हे तिने चोरून पाहिलं. राग गिळला आणि तिला पेणला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

सोनोग्राफीत नारळाएवढी गाठ दिसली.

"वालानं झाली का?" गिरजाबाईचा आवाज बारीक झाला.

"खाण्यानं नाही, आजी. गर्भपिशवीच्या दोन्ही अंगांना बदामाएवढे बीजकोश असतात. तिथली, नाहीतर शेजारच्या नळीच्या टोकाची एखादी पेशी बिघडते आणि वाढत सुटते. बाईला वाटतं, वात झाला. कर्करोग असला आणि गाठ फुटली, तर तो पोटभर पेरला जातो. पोट चोळलं नाहीत ना?"

"नाय," गिरजाबाई म्हणाली. "तिनं चोळू दिलं नाय."

पनवेलच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनीच ऑपरेशन केलं. पुढचे पंधरा दिवस तिथेच वॉर्डात रिपोर्टची वाट बघताना गिरजाबाईला कमळीची ती एरंडेलाची वाटीच डोळ्यांपुढे दिसे.

"कर्करोगच होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण गाठ अख्खी निघाली. बाहेर कुठे काही नाही. तपासणीला मात्र येत राहायचं."

हे गिरजाबाईला कुणी समजावून सांगायला नको होतं. वालाच्या शेंगा पहाटे दवातच काढायच्या. ऊन चढलं की शेंग तडकते, दाणे रानभर होतात. रंभाची शेंग दवात निघाली होती.

पंधरा दिवसांत पहिल्यांदाच गिरजाबाईला भूक लागली. ती रंभाच्या खाटेपाशी गेली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "रंभे, जल्मभर तुझ्या हट्टाला मी नावं ठेवली. ह्यो एक हट्ट शहाण्याचा निघाला, माझ्यापरीस शहाण्याचा. पन बिरडं टाकलंस त्याला माफी नाय हां! घरी चल, ताट पुसून जेवशील."