मानेवरचा चट्टा

चांगुणाला दारात सोडून तिचा सासरा उभ्या उभ्या माघारी फिरला, तेव्हाच गोजरबाईच्या मनात पाल चुकचुकली. कोपरगावाकडून राजूरपर्यंत एसटीनं आणि पुढं दीड कोस डोंगरवाटेनं आलेला माणूस पाण्याचा तांब्यासुद्धा तोंडाला न लावता जातो, हे सोयऱ्याचं लक्षण नव्हे. शिवाय पोरीबरोबर तिची पत्र्याची पेटीही आली होती. चार दिवसांच्या मुक्कामाला पेटी कशाला, असं गोजरबाईनं विचारलं, तर चांगुणानं ऐकू न आल्यासारखं केलं.

त्र्याहत्तर सालचा चैत्र होता तो. झऱ्यावर वाटी वाटी करून हंडा भरावा लागे. तरी गोजरबाईनं एक हंडा पोरीच्या न्हाण्यासाठी राखला, कारण आल्यापासून चांगुणाचे हात डोक्यातून निघत नव्हते. दुपारी धाकटी छबू शेण्या वेचायला गेली, तशी आईनं चांगुणाला ओसरीवर पुढ्यात बसवलं, खोबरेलात रॉकेल कालवून केसांना चोपडलं आणि शिंगाची फणी हातात घेतली.

फणीनं उवा निघतात, लिखा निघत नाहीत. लीख डिंकासारखी केसाला धरून बसते. दोन नखांत पकडून केसाच्या टोकापर्यंत ओढत न्यावी लागते, एकेक. आणि उवेनं लीख घातलेली असते केसाच्या मुळाशी. केस वाढेल तशी ती मुळापासून लांब जाते. चांगुणाच्या केसांत मुळापासून चार-पाच बोटांपर्यंत लिखाच लिखा होत्या. वरच्या पांढऱ्या फोल झालेल्या, मुळाशी ताज्या. गोजरबाईनं मनाशी हिशोब केला. दिवाळीपासून या डोक्याला कुणाचा हात लागलेला नव्हता.

बाईमाणसाला स्वतःचं डोकं स्वतः बघता येत नाही. सासरी दोन जावा, एक नणंद, सासू. दुपारी दारात बसून बायका एकमेकींचं डोकं बघतातच. भांडण झालं का, अबोला आहे का, असं गोजरबाई आडून आडून विचारत राहिली. चांगुणा म्हणाली, त्यांना कामं असतात.  नखांवर लीख फुटल्याचा तेवढा बारीक आवाज येत होता. पोरीचे डोळे मिटत आले होते, डोकं आईच्या गुडघ्यावर टेकलं होतं.

लिखा सगळ्यात दाट असतात त्या कानामागं आणि मानेच्या खळगीत. गोजरबाईनं केस वर उचलले आणि तिथं फणी रेटून चालवली. फणीचा एक दात मोडका होता. तो कातड्यात रुतला, चांगली दोन बोटं लांब चीर पडली आणि रक्त आलं.

चांगुणा हललीसुद्धा नाही.

डुलकी लागली असेल, असं गोजरबाईला वाटलं. तिनं पदरानं रक्त टिपलं, तेव्हा केसांखालचा चट्टा दिसला. रुपयाहून मोठा, फिकट, काठाला तांबूस. तिनं त्यावर नख दाबलं. जोरात दाबलं. पोरगी डोळे उघडून समोर बघत होती, तिला कळत नव्हतं. मग चट्ट्याबाहेर नख लावलं, तशी ती दचकून पुढं सरली.

गोजरबाईच्या माहेरी तिचा एक चुलता होता. त्याच्या पाठीवर आधी असाच चट्टा आला होता, आणि शेवटी त्याच्या हाताला बोटं उरली नव्हती. रगतपिती. महारोग.

तिचे हात थांबले. किती वेळ, तिलाही सांगता आलं नसतं. पण पाठमोऱ्या पोरीला ते कळलं.

"थांबलीस ना, आये?" चांगुणा म्हणाली. "सासूबी आशीच थांबली हुती. दिवाळीत, न्हाऊ घालताना."

गोजरबाईनं फणी पुन्हा उचलली. नुसती फणी. बोटं तिनं केसांना लावली नाहीत, आणि आपण ती लावत नाही हे तिला दिसत होतं. तिनं बळ करून हात पुढं नेला. तो मध्येच राहिला. शेवटी ती म्हणाली की पाणी तापलं असेल, तूच घे न्हाऊन.

रात्री चांगुणाच्या बापानं, कारभारीनं, सगळं ऐकून घेतलं. आदळआपट केली नाही. दोन दिवसांनी तो चांगुणाला राजूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्यानं पांढऱ्या गोळ्या दिल्या. काही वर्षं न चुकता घे म्हणाला, बोटं शाबूत राहतील; रोग हात लावण्यानं असा कुणाला जडत नाही, पोरीला घरातच ठेवा. कारभारी प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. येताना वाटेत त्यानं चांगुणाला सांगितलं की छबूचं लगीन वैशाखात ठरलंय, तवर तू वावरातल्या खोपीत ऱ्हा.

लग्न झालं. पाहुण्यांना सांगितलं की थोरली सासरी आहे, तिच्या सासूला बरं नाही. मांडवातून खोपीचं शाकारलेलं छप्पर दिसत होतं. गोजरबाईनं दिवसभर तिकडं पाठ करून वाढलं.

लग्नानंतरही चांगुणाला घरी आणायचं कुणी नाव काढलं नाही. छबूच्या सासरी कानावर गेलं तर तिलाही पेटीसकट आणून सोडतील, असं कारभारी एकदाच म्हणाला.  गोजरबाई रोज भाकरी घेऊन जाई, फडक्यात बांधलेली, खोपीच्या दगडावर ठेवी आणि हातभर अंतरावर बसे. गोळ्या घेतल्यास का, विचारी. घेतल्या, चांगुणा म्हणे. डॉक्टर काय म्हणाला ते गोजरबाईला तोंडपाठ होतं. त्याच्यावर तिचा विश्वासही होता. हात मात्र ऐकत नव्हता.

ज्येष्ठात एकदा ती गेली, तर चांगुणा खोपीबाहेर उन्हातच बसली होती आणि तिचं डोकं भुंडं झालं होतं. गवत कापायच्या विळ्यानं तिनं केस काढून टाकले होते. कुठं बोटभर उरले होते, कुठं कातडं सोललं होतं. बाजूला उवा-लिखांसकट केसांचा पुंजका जळत होता, त्याचा करपट वास सुटला होता.

"आगं, माझ्याकडं तरी बोलायचं," गोजरबाई म्हणाली.

चांगुणानं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, काहीच नव्हतं. "काय बोलू?" ती म्हणाली.

गोजरबाईनं फडकं दगडावर ठेवलं. बसायला वाकली, पण बसली नाही. म्हशीला पाणी दाखवायचं राहिलंय असं काहीतरी पुटपुटत ती बांधावरून घराकडं निघाली.