पाहुण्याचा कप

मेल्चोराने धाकट्या भावाची करवंटी राखेने घासली, धुतली, केळीच्या पानात गुंडाळली आणि मागच्या दाराशी उभ्या असलेल्या खेचरवाल्या फेर्मीनच्या हातात दिली.

"डोंगरावर घरी नेऊन दे. चुलीमागच्या खिळ्याला टांग आणि कुलूप नीट लाव."

"आणि मास्तर कॉफी कशात पिणार?"

"तुला काय करायचंय? तू खेचर सांभाळ."

मास्तर म्हणजे तिचा हाच भाऊ अन्सेल्मो, सान्ता ब्रिहिदा बेटाच्या प्रजासत्ताकाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. परक्या राजाच्या गव्हर्नरला घेऊन जहाज निघून गेलं त्याला अकरा महिने झाले होते. गव्हर्नर जाताना पडदेसुद्धा घेऊन गेला, खुर्ची तेवढी जहाजात मावली नाही. नव्या राष्ट्राध्यक्षाला काय म्हणायचं यावर मंत्री तीन दिवस भांडले. 'परमप्रतापी'ला दोन मतं पडली, 'राष्ट्रपिता महामहिम'ला तीन. शेवटी तो म्हणाला, "बावीस वर्षं मला मास्तर म्हणताय. दुसरं काही म्हणालात तर मी मागे वळून बघेन, कोण आलंय म्हणून."

सरकारही त्याने वर्ग बसवावा तसंच बसवलं. ज्यांचं आपसात पटत नाही त्यांना एका बाकावर. जनरल उर्बानोकडे सैन्य दिलं, म्हणजे चव्वेचाळीस माणसं आणि एक बिगूल. त्याच्या शेजारी खजिन्यावर औषधवाला क्रिसान्तो, कारण बेटावर गुंजभरही कमी-जास्त न देणारा तेवढा एकच. एका झुंजीच्या कोंबड्यावरून दोघे नऊ वर्षं बोलत नव्हते. आता रोज सकाळी राष्ट्रहितासाठी बोलावं लागे. शिवाय मास्तरने नियम केला होता, निर्णय झाल्याशिवाय कॉफी नाही. देशातला हा एकच कायदा कधी मोडला गेला नव्हता, कारण त्याची अंमलबजावणी मेल्चोराकडे होती.

मेल्चोरा इथे, गव्हर्नरच्या जुन्या वाड्यात, आली होती ती फक्त पेरू पिकेपर्यंत. तसं तिने भावाकडून कबूल करून घेतलं होतं. पेरू पिकले, गळले, पाखरांनी खाल्ले. शेजारणीकडे ठेवलेली तिची बकरी आता तिला ओळखत नव्हती. ते एक वेळ चाललं असतं. पण गेल्या रविवारी भाऊ आरशासमोर उभा राहून हनुवटी वर करून बघत होता, ते तिने पाहिलं. चित्रकार येणार होता म्हणे.

आज घटनेचं शेवटचं कलम होतं: राष्ट्राध्यक्षाने खुर्चीवर किती काळ बसायचं. मेल्चोरा बैठकीच्या खोलीशेजारी कॉफी गाळत होती. दार उघडंच होतं.

"आजन्म," जनरल म्हणाला.

"जनरलशी मी सहमत आहे," क्रिसान्तो म्हणाला, आणि खिडकीतला पोपटसुद्धा मान वळवून बघू लागला.

"अहो, असं कसं?" मास्तर म्हणाला. "मी म्हातारा होईन."

"मग म्हातारे राष्ट्राध्यक्ष व्हाल," जनरल म्हणाला. "मास्तर, तुमच्यानंतर आहे कोण? हा क्रिसान्तो?"

"किंवा हा?" क्रिसान्तोने जनरलकडे बोट दाखवलं. "बिगूल वाजवत राज्य करील."

सगळे हसले. मास्तरही हसला. पण त्याचा हात खुर्चीच्या मखमलीवरून फिरत होता, मांजर कुरवाळावं तसा.

"आता लोकांनाच हवं असेल, तर…"

मेल्चोराने गाळणं खाली ठेवलं. हा 'तर' तिच्या चांगल्या ओळखीचा होता. सात वर्षांचा असताना भाऊ पाद्रीबाबांच्या आंब्यावर चढला होता, तेव्हाही खाली उतरायच्या आधी म्हणाला होता, "झाडालाच जड झाले असतील, तर…"

ती तबक घेऊन आत गेली.

"ताई," क्रिसान्तो घाबरून म्हणाला, "निर्णय व्हायचाय अजून."

"माहीत आहे."

तिने मंत्र्यांपुढे एकेक चिनी कप ठेवला, बशीसकट. सान्ता ब्रिहिदात घरचा माणूस करवंटीत पितो, चिनी कप पाहुण्याला. पाहुणा कॉफी पितो, कप बशीवर पालथा घालतो आणि उठतो. त्याला कुणी 'ऊठ' म्हणत नाही, कधी म्हणावंच लागत नाही. अकरा महिने मंत्री कपात पीत होते आणि मास्तर आपल्या काळ्या करवंटीत.

आज तिने त्याच्यापुढेही कप ठेवला. निळ्या फुलांचा, सोनेरी काठाचा, सगळ्यांत चांगला.

जनरलने कपाकडे पाहिलं, मग छताकडे. क्रिसान्तोला एकदम खोकला आला. मास्तरचा हात मखमलीवरून उचलला गेला आणि हवेतच राहिला.

"ताई, हा…"

"साखर टाकलीय. गार होईल."

त्याने कप उचलला. अगदी हळूहळू प्यायला, पाहुणा पितो तसा, आवाज न करता. पिता पिताच त्याच्या मिशीखाली काहीतरी हलायला लागलं. आधी खांदे हलले, मग पोट, आणि मग तो असा हसत सुटला की बाहेरच्या पहारेकऱ्याने घाईघाईने टोपी घातली. जनरलला कारण कळलं होतं, म्हणून तो हसला. क्रिसान्तो नऊ वर्षांत पहिल्यांदाच जनरलच्या पाठीवर थाप मारून हसला.

मास्तरने डोळे पुसले आणि कप बशीवर पालथा घातला.

"चार वर्षं," तो म्हणाला. "लिही, क्रिसान्तो. माझ्यासाठी चार, माझ्यानंतरच्यालाही चारच. आणि खाली लिही, राष्ट्राध्यक्षाला कॉफी कपातच द्यायची."

"हे कलम म्हणून लिहू?"

"शाई उरली तर लिही."

मंत्री गेले. मेल्चोरा कप गोळा करू लागली. त्याने एक तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच तबकात ठेवला.

"माझी करवंटी कुठाय?"

"घरी गेली पुढं. खिळ्याला टांगायला सांगितलीय."

"खिळा चार वर्षं टिकेल ना गं?"

"तू ठोकलेला आहे," मेल्चोरा म्हणाली. "म्हणून तर काळजी."